सायकलवरून अर्कावतीच्या खोऱ्यात

बंगळुरू म्हटले की डोळ्यांपुढे येतात ती संगणक कंपन्यांची काचेची कार्यालये आणि सिल्क बोर्ड चौकातील वाहनांची न हलणारी रांग. या शहरात सायकल चालवण्याची कल्पनाच अनेकांना वेडेपणाची वाटते. पण शहराच्या वायव्येला, मल्लेश्वरमपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर, हेसरघट्टाची सपाट गवताळ माळराने पसरली आहेत. तेथून अर्कावती नदीचे खोरे दक्षिणेकडे उतरत जाते. सुट्टीची एक सकाळ मोकळी असेल आणि घरात दहा-बारा वर्षांचे मूल असेल, तर या खोऱ्यातली सायकल सहल अवश्य करावी.

‘माउंटन बायकिंग’ या शब्दाने घाबरण्याचे कारण नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात काही उत्साही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारांवरून सुसाट खाली येत. त्यातून हा खेळ जन्माला आला. परंतु तीच जाड टायरची, गिअरची सायकल सपाट पायवाटेवर आणि बैलगाडीच्या रस्त्यावर फारच सुखाची ठरते. आपल्याकडे मुले जिला सरसकट ‘रेंजर’ म्हणत, तिचीच ही सुधारलेली बहीण. बंगळुरूत अशा सायकली दिवसाच्या भाड्यानेही मिळतात. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने हवा गार असते आणि सकाळी दहापर्यंत घाम येत नाही.

मराठी माणसाने निघावे ते मल्लेश्वरममधूनच. 1638 मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी येथील काडु मल्लेश्वर मंदिराला आश्रय दिला. 1669 चा शिलालेख त्याची साक्ष देतो. ‘काडु’ म्हणजे रान. आज देवळाभोवती रान नाही, फुलवाल्यांची आणि कॉफीची दुकाने आहेत. अर्कावतीची उपनदी वृषभावती हिचा एक ओहोळ याच परिसरात उगम पावत असे. आता ती शहराचे सांडपाणी वाहून नेते. दर्शन घ्यावे, फिल्टर कॉफी घ्यावी आणि सायकली गाडीवर लादून हेसरघट्टा गाठावे. शहरातली ही वाट सायकलवरून कापण्याचा हट्ट मुलांसोबत करू नये. मालमोटारींची गर्दी सहलीची गोडी घालवते.

तलाव, गवत आणि भेंडी

अर्कावती नंदी डोंगरातून निघते आणि दोड्डबळ्ळापूरवरून हेसरघट्ट्याला येते. 1894 साली येथल्या तलावाचे पाणी बंगळुरूला पोहोचले. शहराला नळाने मिळालेले हे पहिले पाणी. त्याआधी लोक गावातल्या तळ्यांवर अवलंबून होते. त्यातले धर्मांबुधी तळे आज शोधू गेल्यास मॅजेस्टिकचे बसस्थानक सापडेल! 1876 ते 78 च्या भीषण दुष्काळाने तळ्यांचा भरवसा संपवला होता. दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या काळात हेसरघट्टा योजना आकाराला आली. पाणी विटांच्या बांधीव कालव्यातून सोलदेवनहळ्ळीपर्यंत येई आणि तेथून वाफेच्या पंपांनी शहराकडे ढकलले जाई.

तलावाच्या बांधालगतचा रस्ता सायकलसाठी उत्तम. एका बाजूला पाणी, दुसरीकडे शेते. मात्र पाणी असेलच असे गृहीत धरू नये. अनेक वर्षे हा तलाव बव्हंशी कोरडाच होता. 2022 च्या जोरदार पावसाने तो पुन्हा चांगला भरला, तेव्हा शहरातून लोक तो पाहायला लोटले.

तलावाशेजारचे माळरान हा या सहलीचा सर्वांत रम्य भाग. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत गवत सोनेरी होते. हिवाळी पाहुणे असलेले भोवत्या पक्षी त्यावरून खालून तरंगत जातात. टिटवी आणि चंडोल जमिनीवरच घरटी करतात. म्हणून सायकल चाकोरीतच ठेवावी, गवतात घालू नये. जीपगाड्या घालून माळ उखडणाऱ्या हौशी मंडळींनी येथे नुकसान केले आहे. गवताला ‘ओसाड जमीन’ समजण्याची सवय आपल्याकडे जुनी. तरीही वर्षानुवर्षांच्या वादानंतर 2024 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने पाच हजारांहून अधिक एकरांच्या या पट्ट्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. कोठे जाता येते, हे गावात विचारून मगच पुढे जावे.

वाटेत भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे आवार लागते. महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबांना ‘अर्का अनामिका’ भेंडी आणि ‘अर्का रक्षक’ टोमॅटो ठाऊक असतील. ही वाणे याच संस्थेची, आणि ‘अर्का’ हे नाव या नदीवरून आले. भाजीवाल्याकडे भेंडी निवडताना गृहिणी नकळत एका कन्नड नदीचे नाव घेत असते. थोडे पुढे ‘नृत्यग्राम’ आहे. मुंबईच्या प्रतिमा बेदींनी 1990 मध्ये वसवलेले हे नृत्याचे गुरुकुल. गोव्याचे वास्तुशास्त्रज्ञ जेरार्ड द कुन्हा यांनी ते दगड-मातीत उभारले.

नदी कुठे गेली?

हेसरघट्ट्यापासून तिप्पगोंडनहळ्ळीच्या जलाशयापर्यंत खोऱ्याच्या कडेकडेने तीस-पस्तीस किलोमीटरचा प्रवास होतो. चढ किरकोळ आहेत. नाचणीची शेते, तुतीचे मळे, नारळाच्या रांगा आणि तांबडी माती असे सारे काही आहे. मूल वाटेत थांबून विचारते, ‘नदी कुठे आहे?’ आणि मोठ्यांना उत्तर देता येत नाही, कारण पुष्कळ ठिकाणी झुडपांनी भरलेला एक खड्डा म्हणजेच अर्कावती.

पाऊस कमी झाला म्हणून नदी आटली, असे सहज म्हटले जाते. ते खरे नाही. बंगळुरूच्याच ‘अट्री’ या पर्यावरण संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी 2015 मध्ये दाखवून दिले की केवळ पर्जन्यमानाने याचा उलगडा होत नाही. विंधनविहिरींनी भूजल खोल नेले, निलगिरीच्या लागवडीने जमिनीतली ओल शोषली, ओढ्यांवर जागोजागी बांध पडले. झऱ्यांनी नदीला पाणी देण्याऐवजी नदीचेच पाणी जमिनीत मुरू लागले. सायकलस्वाराला हे सारे डोळ्यांनी दिसते. निलगिरीच्या सरळ रांगांखाली गवताची काडी उगवलेली नसते. 2017 मध्ये सरकारने निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली, पण जुनी झाडे तोडली तरी पुन्हा फुटतात.

तुमकूर महामार्ग ओलांडताना मात्र सर्वांनी सायकलवरून उतरावे. येथे घाई नको. पलीकडे मागडी रस्त्याच्या बाजूला तिप्पगोंडनहळ्ळी येते. 1933 मध्ये बांधलेल्या या धरणाने शहराची तहान अनेक दशके भागवली. पुढे कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी नदीत आले आणि हे पाणी पिण्यासाठी घेणे थांबवावे लागले. 1974 पासून बंगळुरूला कावेरीचे पाणी येते, तेही सुमारे शंभर किलोमीटरवरून आणि जवळपास अर्धा किलोमीटर उंची चढून. घरातल्या नळामागे विजेचा केवढा खर्च आहे, हे मुलाला सांगायला याहून चांगली जागा नाही.

थोडी तयारी

टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा किंचित कमी ठेवावी, म्हणजे खडबडीत वाटेवर हादरे बसत नाहीत. बाभळीच्या काट्यांनी पंक्चर हमखास होते, तेव्हा जादा ट्यूब आणि हातपंप हवाच. माणशी दोन लिटर पाणी घ्यावे. पावसाळ्यात तांबडी माती चाकांना चिकटून सायकल अडते, म्हणून जून ते सप्टेंबर टाळावा. भूक लागली तर खेड्यातल्या छोट्या हॉटेलात ताटलीएवढी तट्टे इडली मिळते, दुपारी नाचणीचा मुद्दे आणि सारू. मुद्दे चावायचा नसतो, सारूत बुडवून गिळायचा असतो. मुलांना हा प्रकार भारी आवडतो.

हौस उरली असेल तर नदीच्या खालच्या अंगाला मंचनबेले जलाशयापर्यंत जावे. तेथून सावनदुर्गाचा प्रचंड एकसंध खडक दिसतो. पाणी शांत दिसते, पण येथे बुडून अनेकांचे जीव गेले आहेत. पोहण्याचा मोह आवरावा, काठावर बसून डबा खावा आणि उन्हे कलण्याआधी परत फिरावे.