शेंड्यातलं वजन

वर्धा जिल्ह्यातल्या देवळीच्या आमच्या घरात मुद्गलांची जोडी होती आणि ती पुरुषांची होती. बाभळीच्या बुंध्यातून गावच्याच सुतारानं घडवलेली. एकीकडे लठ्ठ, मूठ तेवढी बारीक. मारुती ब्रह्मचारी, त्यामुळे आखाड्याची पायरी आम्हा मुलींना बंद. शाळेत लेझीम चालायची, मुद्गल नाही. आमचे आबाजी अंगणात मुद्गल फिरवायला लागले की मी ओट्यावरून बघायची. विचारलं तर म्हणायचे, "वजन शेंड्यात राह्यते, पोरी. हात नुसता वाट दाखवते."

वर्धा म्हटलं की लोकांना चरखा आठवतो, पवनारचे विनोबा आठवतात. आखाडा कोणाला आठवत नाही. वास्तविक देवळीचे रामदास तडस कुस्तीच्या मातीतून संसदेत गेले. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली आखाडा काढला, त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ मध्ये, म्हणजे गांधीजी शेगावला (आजच्या सेवाग्रामला) राहायला आले त्याच वर्षी, मंडळाच्या चमूनं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले. मुद्गल तर त्याच्याही आधी साहेबाच्या देशात पोचला होता. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करानं तो उचलला, हलका केला आणि इंडियन क्लब म्हणून कवायतीत घेतला. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याची स्पर्धा झाली. दोन्हीदा सुवर्णपदक अमेरिकेकडे.

माझ्याकडे तो आला पन्नाशीनंतर, खांदा आखडला तेव्हा. वेणी घालायला हात मागे जाईना. फिजिओथेरपीनं दुखणं ओसरलं, आणि पुढे ताकदीसाठी वर्ध्यातल्या एका जिममध्ये गेले. तिथल्या पोरानं हातात लोखंडी दांडा दिला, एका टोकाला गोळा. "काकू, हे फंक्शनल ट्रेनिंग आहे." मला हसू आलं. मारुतीच्या हातातली गदा मी ओळखणार नाही होय?

डंबेलमध्ये वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं, म्हणून ते मुकाट राहतं. गदेसारखाच मुद्गलही तसा नाही. तेवढंच वजन मुठीपासून दुप्पट लांब गेलं की मनगटावरचा पीळ दुप्पट होतो. डोक्यावरून पाठीमागे सोडला की तो आपल्याला मागे ओढतो. पोट आवळावं लागतं, पाय रोवावे लागतात, खांद्याचं पातं मोकळं सरकतं. दंडाच्या जोरावर उचलायला जाल तर फसाल. झोका ओळखून वळवायचा. आबाजींचं बोलणं मला तेव्हा कळलं. भावाकडे गोठ्याच्या दाराला टेकू म्हणून लावलेली जोडी मी घरी घेऊन आले.

जिममधला पोरगा सांगायचा, खऱ्या जगण्यात वजन समतोल नसतं, म्हणून हा व्यायाम. हे आमच्या बायांना सांगायचं? एका हातात विहिरीची बादली, कडेवर लेकरू, कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी. आखाड्यात पाऊल न टाकता आमच्या आया जन्मभर वाकडं वजनच वाहत आल्या. पण त्याचं व्यायाम म्हणून कौतुक करणारे मला पटत नाहीत. त्या ओझ्याची बाजू बदलत नव्हती, त्याला विसावा नव्हता, आणि म्हातारपणी त्यांच्या कमरा वाकल्या. मुद्गल डाव्या हातानं फिरवला तितकाच उजव्यानंही फिरवता येतो आणि थकलं की खाली ठेवता येतो. ही मुभा पुरुषांनी आपल्यापुरती राखली, मारुतीचं नाव पुढे करून.

तुमच्या गावच्या आखाड्यात, माळ्यावर एखादी जोडी पडली असेल तर काढा. भेग, वाळवी बघा, काट्यावर तोला. खांद्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सुरुवात दोनेक किलोनं, आधी एकाच हातानं. जड जोडी फोटोपुरती ठीक. फिरवण्याआधी वर पंखा आणि मागे नातवंड नाही ना, तेवढं पाहून घ्या. आणि घरातल्या पोरींच्या हातीही द्या.