घरबसल्या शिकायचं म्हणजे...

परवा चहा गाळता गाळता सूनबाईने विचारलं, "आई, मी बाहेरून एम.ए. करू का?" मी पटकन "कर की" म्हणणार होते, पण शब्द तोंडातच राहिला. त्याला कारण आहे.

मी स्वतः बी.ए. झाले ती बाहेरूनच. डी.एड. होऊन शाळेला लागले होते, पदरात धाकटी होती. 1975 साली बहिःस्थ म्हणून फॉर्म भरला. वाटलं, आपण तर शिक्षिका, वाचलं की झालं! पुस्तकं उघडली ती परीक्षा दोन महिन्यांवर आल्यावर. अर्थशास्त्रात चक्क नापास झाले. वर्गात मुलांना "रोजचा अभ्यास रोज करा" असं सांगणारी मी! पुढच्या वर्षी पहाटे साडेचार ते सहा ही वेळ ठरवली आणि मोडली नाही. तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं.

पण ही चूक माझी मला भोवली. दुसरी भोवली ती भाचीला.

वीसेक वर्षं झाली. भाचीने एका संस्थेचं गुळगुळीत माहितीपत्रक आणलं. "मावशी, तू बघ ना." मी अभ्यासक्रम वाचला, पुस्तकं चाळली, म्हटलं, "चांगला आहे, घे." दोन वर्षं पोरीने इमानेइतबारे अभ्यास केला. नोकरीच्या वेळी कागदपत्रं तपासली तेव्हा कळलं, त्या पदवीला मान्यताच नाही. पैसे गेले, वर्षं गेली. ती मला एका शब्दाने बोलली नाही. तेच अजून टोचतं. मी बाकी सगळं पाहिलं, फक्त मान्यता पाहिली नाही.

म्हणून सूनबाईला म्हटलं, आधी बस. दूरशिक्षण वाईट नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. पण विद्यापीठ नावाजलेलं आहे एवढ्यावर जाऊ नये. मान्यता त्या त्या शिक्षणक्रमाला आणि ठरावीक काळासाठी असते. आपण प्रवेश घेतोय त्या वर्षी ती आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः पाहायचं, एजंटच्या तोंडून ऐकायचं नाही. दुसऱ्या राज्यातलं सरकारी विद्यापीठ इथे गल्लीत अभ्यासकेंद्र चालवतंय म्हणालं, तर तिथूनच मागे फिरायचं. त्यांना राज्याबाहेर तशी परवानगी नसते. आणि डॉक्टर-इंजिनियरची पदवी घरबसल्या देतो म्हणणाऱ्याला तर दारातही उभं करू नये.

मग बाकीचे प्रश्न. परीक्षेची फी वेगळी का? केंद्र किती लांब? संपर्कसत्रं कोणत्या वारी? पुस्तकं मराठीत मिळतात का? नाशिकचं आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 साली निघालं, त्याची मराठी पुस्तकं घरी वाचून समजावीत अशीच लिहिलेली असतात. आमच्या वेळी असं काही नव्हतं. दुसऱ्याच्या वह्या उतरवून काढायच्या, बस्स.

भाचीनेही पुढे तिथूनच पदवी घेतली. नोकरी करते आज. सूनबाईला म्हटलं, "तिला फोन कर. माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं. आणि मावशी कुठे चुकली तेही विचार, ती सांगायची नाही, पण विचार."

शेवटचा प्रश्न मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. रोजचा दीड तास आणायचा कुठून? बाईमाणसाचा अभ्यास अडतो तो तिथेच. मला पहाट चोरावी लागली होती. हिला चोरायला लागू नये.

तेव्हा ठरलंय. संध्याकाळी सात ते साडेआठ स्वयंपाकघर माझं आणि चिरंजीवांचं. चिरंजीव कालपासून कणीक भिजवायला शिकताहेत. त्यांचा अभ्यास कच्चा आहे... असो!