चौदाशे गावांचे राज्य

दिवाळीत आमच्या पनवेलच्या आळीआळीतून मुलांचे किल्ले उभे राहतात. यंदा नातवाने शेवटचा मावळा बुरुजावर बसवला आणि विचारले, "आजोबा, महाराजांच्याही खूप आधी इथे कोण होते?" मी म्हटले, "शिलाहार." "ते जिंकले का हरले?" हा लगेच दुसरा प्रश्न. मुलांचा इतिहास दोन शब्दांत बसतो. मोठ्यांचाही फारसा वेगळा नसतो म्हणा!

उत्तर कोकणचे शिलाहार जिंकले क्वचित, हरले पुष्कळदा, आणि टिकले मात्र साडेचारशे वर्षांहून अधिक. राज्य केवढे? ताम्रपटांतून येते ते 'पुरीप्रमुख चौदाशे गावां'चे. उत्तरेला गुजरात, दक्षिणेला गोव्याचे कदंब, घाटावर कधी राष्ट्रकूट, कधी चालुक्य, कधी यादव, आणि पश्चिमेला समुद्र. दोन पाटांमध्ये सापडलेला दाणा निदान दोनच बाजूंनी भरडला जातो!

पण दाणा मानी होता. नागाऐवजी आपला देह गरुडाला देणारा जीमूतवाहन हा त्यांनी आपला मूळपुरुष मानला. राष्ट्रकूटांचे ते मांडलिक. ९७३ साली तैलपाने राष्ट्रकूटांचा पाडाव केला. त्यानंतर २४ वर्षांनी, ९९७ सालच्या ताम्रपटात अपराजिताने त्या बुडालेल्या धन्याची आठवण काढून हळहळ कोरून ठेवली. उगवत्या सूर्याला नमस्कार करण्याच्या या जगात मावळलेल्याला कोण हात जोडतो? मला हा राजा तेवढ्यासाठीच आवडतो.

भोवती एवढी धामधूम, तरी यांना देवळे बांधायला आणि कवी पोसायला सवड होती. अंबरनाथच्या शिवालयातील १०६० सालच्या लेखात मुम्मुणीचे नाव आहे. 'उदयसुंदरीकथा' लिहिणारा सोड्ढल याच घराण्याच्या आश्रयाला होता. पुढे अपरादित्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली. त्याचा वकील तेजकंठ काश्मीरच्या विद्वत्सभेत बसल्याचे मंख कवीने नोंदवले आहे. आणि १०९४ सालच्या ताम्रपटात अनंतदेवाने एका मंत्र्याच्या नि त्याच्या भावाच्या गलबतांना ठाणे, सोपारा, चेऊल अशा बंदरांत जकात माफ केली आहे. वशिल्याची परंपराही तशी प्राचीनच!

शेवट मात्र कडू झाला. मल्लिकार्जुन गुजरातच्या कुमारपालाच्या सैन्याशी लढताना पडला, असे गुजरातचे ग्रंथ सांगतात. शेवटचा सोमेश्वर. १२५९ आणि १२६० सालचे त्याचे शिलालेख आमच्या शेजारच्या उरणकडील रानवड आणि चांजे या गावांचे. त्याने 'कोकणचक्रवर्ती' हे बिरुद लावले होते. १२६५ च्या सुमारास देवगिरीचा महादेव यादव हत्तीदळासह खाली उतरला. जमिनीवर निभाव लागेना, तेव्हा सोमेश्वराने गलबते गाठली. पण समुद्रानेही त्याला पोटात घेतले. हेमाद्रीने या बुडण्याचे मोठे चटकदार वर्णन केले आहे. तो पडला जेत्याचा मंत्री! बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ही मारणारी जहाजे कोरली आहेत. काही अभ्यासक त्यांत हीच लढाई पाहतात. तिथल्या वीरांचे चेहरे झिजले आहेत; वल्ह्यांची रांग अजून स्पष्ट दिसते.

आणि जेत्याचे काय झाले? १२९६ साली अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि काही वर्षांतच यादवही संपले.

नातवाला मी सांगितले ते एवढेच, की राजे जिंकतात-हरतात. पेरणी दोन्ही वर्षी करावीच लागते. शिलाहारांच्या दानशिळांवर वर चंद्रसूर्य असतात आणि खाली, दिलेली जमीन हिरावणाऱ्याला गाढवाची शिवी. म्हणजे राजालाही ठाऊक होते, की आपण जाणार. राहणार ती जमीन आणि तिच्यावरचा लोभ. आता आमच्या बाजूला विमानतळ झाला आहे. त्यासाठी दहा गावठाणे उठली. उठलेल्यांनी देव बरोबर नेले आणि गावाचे नावही. शिलाहारांची ती पुरी नेमकी कुठे, यावर पंडित अजून भांडतात. पण रानवड नि चांजे कुठे, हे उरणच्या बाजाराला मासळी घेऊन येणारी कोळीणबाईही सांगेल.