लाकडाच्या डोंगरावरची गाडी

निरवांगी हे आमचे गाव इंदापूर तालुक्यात नीरा नदीच्या काठी आहे. नदी ओलांडली की माळशिरस तालुका आणि सोलापूर जिल्हा लागतो. उसाचे फड, नदीकाठची काळी रानं आणि माळाकडची हलकी जमीन अशी आमच्या शिवाराची ओळख. मौजमजा म्हणाल, तर ती जत्रेत. नीरा आणि भीमा जिथे एकमेकींना भेटतात, त्या नीरा-नरसिंहपूरला वैशाखात नृसिंहाचा उत्सव असतो. अशा जत्रेला गेलेले पोर देवाला हात जोडते न जोडते तोच पाळण्याकडे ओढ घेते. आमच्या लहानपणी हे रहाटपाळणे लाकडी असत. चार पेट्या, मधे कणा, आणि अंगाचा सगळा भार टाकून तो फिरवणारा पाळणेवाला. पेटी वर गेली की पोटात गोळा येई आणि खाली येताना तो घशाशी जाई. तरीही पोरे पुन्हा पैसे मागायला आईकडे धावत.

पोटातल्या ह्याच गोळ्यासाठी जगात माणसांनी लाकडाचे डोंगर उभे केले, त्यांवर रूळ टाकले आणि गाड्या सोडल्या. ह्या गाडीला रोलर कोस्टर म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका बागेतली नायट्रो ही गाडी अनेकांनी पाहिली असेल. ती सगळी पोलादी आहे. लाकडी गाडी मात्र मी पाहिली ती समुद्रापार, मेलबर्नला. लेक-जावई तिकडे नोकरीला असल्यामुळे २०१६ च्या डिसेंबरात आम्ही उभयता तिकडे गेलो होतो. आपल्याकडे हुरड्याचे दिवस, आणि तिकडे ऐन उन्हाळा.

चंद्राच्या तोंडातून आत

मेलबर्न शहरात सेंट किल्डा म्हणून समुद्रकिनारा आहे. तिथे लुना पार्क ही १९१२ साली सुरू झालेली बाग आहे. बागेच्या दाराशी एक भला मोठा हसरा चेहरा आहे. त्याच्या उघड्या तोंडातून आत शिरायचे. लुना म्हणजे चंद्र, म्हणून ह्या चेहऱ्याला तिथले लोक चांदोबाच समजतात. आत गेलो आणि मान वर करून पाहिले, तर बागेच्या चारी अंगांनी लाकडी खांबांचे जंगल. सरळ खांब, तिरपे आधार, आडव्या तुळया, आणि त्यांच्या माथ्यावरून वरखाली जाणारा रूळ. उंची फार नाही, पण रुळाची लांबी जवळजवळ एक किलोमीटर. ह्या गाडीचे नाव सीनिक रेल्वे. बाग उघडली त्याच दिवशी, १३ डिसेंबर १९१२ रोजी, ती सुरू झाली, आणि मी गेलो तेव्हा तिने शंभरी ओलांडलेली होती.

नात म्हणाली, "आजोबा, बसायचं ना?" सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुम्ही जा तिच्यासंगं. मी आपली खालीच बरी." म्हणून आम्ही दोघे बसलो.

दोन डब्यांच्या मधे एक माणूस उभा होता. त्याच्या हातात लोखंडी दांडा. मला वाटले, तिकीट तपासणारा असेल. गाडी दोराने वर ओढली गेली, माथ्यावर सुटली आणि उताराला लागली, तेव्हा कळले की आमचा सगळा जीव ह्याच्या हातात आहे. हा ब्रेकवाला. उतारावर गाडी किती मोकळी सोडायची आणि वळणाआधी किती दाबायची, हे तो दांड्याने ठरवत होता. गच्च भरलेली गाडी जास्त जोर धरते आणि अर्धी रिकामी गाडी लवकर रेंगाळते. वाऱ्याचाही फरक पडतो. तो गाडीचा आवाज ऐकत होता आणि पायाखालचा हादरा ओळखत होता. भरल्या गाडीसह घाट उतरणारा गाडीवान जसा बैलांकडे, जुवाकडे आणि चाकाकडे एकाच वेळी लक्ष ठेवतो, तसाच हा. वरच्या वळणावर समुद्र दिसला आणि क्षणात गेला. नात हसत होती. मी दांडी घट्ट धरून बसलो होतो.

बर्फापासून कोळशापर्यंत

ह्या गाडीचे मूळ रशियात आहे. तिथे हिवाळ्यात लोक लाकडाचे उंच मचाण बांधत, त्याला लांब उतार काढत, उतारावर पाणी ओतून बर्फ गोठवत आणि त्यावरून घसरत. पुढे उन्हाळ्यातही मजा हवी म्हणून चाकांच्या गाड्या आल्या. १८१७ साली पॅरिसमध्ये असे चाकांच्या गाड्यांचे उतार लोकांसाठी सुरू झाले आणि त्यांना 'रशियन डोंगर' म्हणू लागले. फ्रान्स-स्पेनकडे आजही हेच नाव चालते. गंमत अशी की, खुद्द रशियन लोक ह्याच खेळाला 'अमेरिकन डोंगर' म्हणतात!

अमेरिकेचे नाव पडायला कारणही आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात मॉक चंक नावाच्या गावी १८२७ साली कोळसा वाहण्यासाठी डोंगरउताराची रेल्वे झाली. कोळशाने भरलेल्या गाड्या स्वतःच्याच वजनाने खाली येत. त्यांच्यामागून खेचरांच्या गाड्या येत. म्हणजे खेचरे ऐटीत गाडीत बसून डोंगर उतरत, आणि मग रिकाम्या गाड्या ओढून वर नेत. पुढे कोळशापेक्षा हौशी माणसेच तिथे जास्त येऊ लागली.

ते पाहून इतरांच्या डोक्यात विचार आला की नुसत्या मौजेसाठीच असा उतार का बांधू नये. ला मार्कस थॉमसन ह्या गृहस्थाने १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावर लाकडी उतारांची गाडी सुरू केली. भाडे पाच सेंट. वेग तासाला दहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पळत्या बैलगाडीइतकाच. एका मनोऱ्यावर चढायचे, गाडीत बसायचे, घसरत दुसऱ्या टोकाला जायचे. तिथे उतरायचे, गाडी दुसऱ्या रुळावर घेतली की परत बसायचे. एवढ्या साध्या गोष्टीसाठी माणसांची रीघ लागली. त्यानंतर डोंगर-बोगद्यांचे देखावे उभारलेल्या लांब गाड्या निघाल्या. सीनिक रेल्वे म्हणजे देखाव्याची रेल्वे. मेलबर्नची गाडी त्याच घराण्यातली.

मोटेचे शास्त्र

ह्या गाडीला इंजिन नसते. पहिल्या चढावर तिला दोराने किंवा साखळीने ओढून नेतात, एवढाच काय तो बाहेरचा जोर. पुढचे सगळे काम उंची करते. ज्यांनी मोट पाहिली आहे, त्यांना हे लगेच समजेल. मोटेची धाव उतरती का ठेवत? बैल उतारावर चालले की त्यांच्या अंगाचे वजनच नाडा ओढायला मदत करते. गाडीचेही तसेच. उंचावर नेऊन साठवलेला जोर उतारावर वेग होऊन बाहेर येतो आणि पुढच्या चढावर पुन्हा उंचीत जमा होतो.

ह्या व्यवहारात थोडी गळती मात्र असते. चाकांचे घर्षण आणि वारा आपला वाटा काढून घेतात. म्हणून पहिला डोंगर सर्वांत उंच आणि पुढचे एकापेक्षा एक ठेंगणे ठेवावे लागतात. घर्षण सोडले, तर १० मीटर खाली आलेली गाडी तासाला ५० किलोमीटर वेग धरते. १६ मीटर उतार मिळाला, तर हा वेग ६४ किलोमीटरवर जातो.

दुसरा प्रश्न असा की, टेकाडाच्या माथ्यावर गाडी रूळ सोडून उडत का नाही? जुन्या गाड्या उडू नयेत म्हणून त्यांचा वेगच मर्यादित ठेवत, आणि त्यासाठी ब्रेकवाला लागे. १९१९ साली जॉन मिलर ह्या अमेरिकन कारागिराने रुळाच्या खालच्या बाजूनेही चाके बसवण्याची युक्ती नोंदवली. वरची चाके भार घेतात, बाजूची वळण सांभाळतात आणि खालची गाडीला रुळाशी धरून ठेवतात. त्यानंतर उतार एकदम खडे झाले. कोनी आयलंडवर १९२७ साली सुरू झालेली सायक्लोन ही लाकडी गाडी ८५ फूट उंच आहे.

लाकूड हलते म्हणून टिकते

लाकडी गाडीचा रूळ म्हणजे फळ्यांचे एकावर एक ठोकलेले थर आणि सगळ्यांत वर लोखंडाची पट्टी. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात, तसेच हे. गाडी जाताना सगळा सांगाडा थोडा डुलतो. नवख्याला भीती वाटते, पण ते तसेच हवे. लाकूड दणका अंगावर घेते, वाकते आणि परत सरळ होते. अगदी ताठ बांधले, तर जोडावरच ताण येऊन ते फाटेल.

मात्र लाकडाला रोज विचारावे लागते. पावसात ते फुगते, उन्हात आकसते, आणि बोल्ट ढिले पडतात. म्हणून गाडी सुरू करण्याआधी माणूस रुळावरून पायी फिरतो, फळी फळी पाहतो, खिळा वर आला असेल तर ठोकतो आणि कुजका तुकडा बदलतो. मग गाडी रिकामी सोडून पाहतात. असे तुकडे बदलत बदलतच जुनी गाडी शंभर वर्षे उभी राहते.

हयगय झाली की काय होते, तेही सांगितले पाहिजे. लंडनच्या बॅटरसी बागेत बिग डिपर नावाची लाकडी गाडी होती. ३० मे १९७२ रोजी चढावर नेताना गाडी ओढदोरापासून सुटली, मागे घसरू नये म्हणून असलेला ब्रेक लागला नाही आणि गाडी उलटी खाली आली. पाच मुले दगावली. ती गाडी पुन्हा कधी चालली नाही.

उलट इंग्लंडमध्येच मार्गेट गावची १९२० सालची सीनिक रेल्वे २००८ साली आगीत होरपळली, बागही बंद पडलेली. गावकऱ्यांनी पाठपुरावा सोडला नाही. तिची दुरुस्ती झाली आणि २०१५ साली ती पुन्हा धावली. गावाने आपली म्हटलेली गोष्ट अशी वाचते.

आपल्या जत्रेत

हे सारे सांगण्याचे कारण, जत्रेत आपण आपली लेकरे ज्या पाळण्यात बसवतो, तो एका गावी मोडून दुसऱ्या गावी रातोरात जोडलेला असतो. मेलबर्नची गाडी शंभर वर्षे एकाच जागी आहे, तरी ती रोज तपासतात. आपला पाळणा आठवड्याला जागा बदलतो. त्याला तर जास्तच पाहायला हवे. तेव्हा पैसे देण्याआधी घटकाभर उभे राहून एवढे पाहावे:

पाळण्याचे पाय घट्ट, सपाट जमिनीवर आहेत का? खालचे ठोकळे हलतात का? पेटीची दांडी नीट अडकते का आणि प्रत्येक पिनेला अडकण आहे का? पेटीत माणसे कोंबतात का? चालवणारा शुद्धीवर आहे का आणि त्याचे लक्ष पाळण्याकडे आहे का? पाळणा सुरू करण्याआधी एक फेरी रिकामी फिरवली का? लेकीबाळींनी केस बांधून घ्यावेत, ओढणी-पदर खोचून घ्यावा. यंत्रात अडकलेले कापड क्षणात ओढून नेते. एखादी गोष्ट मनाला पटली नाही, तर पोराची समजूत गोडीशेवेच्या पुड्यावर घालावी. यात्रा कमिटीनेही पाळणेवाल्याकडून नुसती जागेची पट्टी घेऊन थांबू नये. गावातला सुतार, लोहार किंवा वेल्डिंगवाला बरोबर घेऊन उत्सवाआधी एकदा सांधे तपासून घ्यावेत. त्याला अर्धा दिवस लागतो.

पोटात गोळा आणणाऱ्या खेळाची मजा लहान-थोरांनी जरूर घ्यावी. पण तो गोळा पाळणा थांबल्यावर विरून गेला पाहिजे. त्यासाठी कोणीतरी सकाळी उठून रुळावरून चालत गेलेले असावे लागते. आपल्या गावच्या जत्रेत तो माणूस कोण, हे यंदा कमिटीच्या बैठकीत ठरवून टाका.