आईची पाटी

सोयगावच्या वसतिगृहात आम्ही अक्षरे गिरवीत होतो, तेव्हा आमचे आईवडील मुंबईत बांधकामावर राबत होते. गावात निरक्षरतेने पाऊल अडत नसे; वाटा ओळखीच्या होत्या. महानगरात मात्र वाट फलकांवर लिहिलेली. आमच्या माता बेस्टच्या बसवरील देवनागरी आकडे चित्रासारखे ओळखून कामावर जात. बस चुकली की दिवसाची मजुरी बुडे. मुंबईत १९३९ साली प्रौढ शिक्षण समिती स्थापन झाली, साक्षरतेचे वर्गही निघाले. परंतु वर्गाची वेळ तीच चूल पेटवण्याची वेळ, हे ठरवणाऱ्यांना कोणी सांगावे? जनगणनेत समजून वाचता-लिहिता येणाराच साक्षर. नुसती सही शिकलेल्या आमच्या वडिलांना त्या व्याख्येत जागा नव्हती.

सुटीत आम्ही पाटी घेऊन मुंबईस गेलो. आईने प्रथम स्वतःचे नाव मागितले नाही. मुकादमाच्या वहीत तिच्या अंगठ्याशेजारी नेहमी असणारा शब्द तिला वाचायचा होता : ‘उचल’.