समुद्रातला तट आणि तटातले देऊळ

वाचकहो, कधी मालवणला जाल तेव्हा एस.टी.तून उतरल्या उतरल्या धक्क्यावर धावू नका. आधी किनाऱ्याकिनाऱ्याने चालत मोरयाच्या धोंड्यापाशी जा. वाळूच्या कडेला एक खडक आहे. त्यावर गणपती, चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत. बाया येता-जाता तिथे हळदकुंकू वाहतात. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी इथेच पूजा करून समोरच्या कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला गेला. खडकाशी उभे राहून समोर पाहिले की अर्ध्या मैलाच्या आत पाण्यातून वर आलेली काळपट भिंत दिसते. तोच सिंधुदुर्ग. याच किल्ल्याचे नाव १ मे १९८१ रोजी नव्या जिल्ह्याला मिळाले.

आम्ही गेलो ते माघ महिन्यात. बरोबर माझी आई होती. वय सत्तरीच्या पुढे, समुद्र उभ्या जन्मात दोनदा पाहिलेला. होडीत बसताना तिने होडीवाल्याला विचारले, "बाबा, बुडणार नाही ना रे?" तो हसून म्हणाला, "आजी, हय खडक इतके आसत की बुडाक जागाच नाय." त्यात थट्टा होती तशी खरी माहितीही होती. बेटाभोवती पाण्याखाली खडकांची रांगच आहे. ओहोटीला त्यांची डोकी दिसतात, भरतीला दिसत नाहीत. वाट माहीत असलेली होडी वळणे घेत आत शिरते. वाट माहीत नसलेले मोठे जहाज फुटते. जागा निवडली गेली ती यासाठीच. जंजिऱ्याचा सिद्दी हाती लागत नव्हता, गोव्यात पोर्तुगीज होते, इंग्रज आणि डच व्यापाराच्या नावाने किनाऱ्यावर वखारी मांडून बसले होते. शिवाजी महाराजांना स्वतःचे आरमार हवे होते आणि आरमाराला घर हवे होते. हे बेट इथल्या कोळ्यांनी दाखवले आणि महाराजांनी त्यांना गावे इनाम दिली, असे मालवणात आजही सांगतात.

बेट आहे ४८ एकरांचे. तुमच्या-माझ्या गावात एवढी जमीन चार-पाच घरांत मिळून असते. तिच्याभोवती सुमारे दोन मैलांचा तट, उंची तीस फूट, रुंदी बारा फूट. म्हणजे वरून एक भरली बैलगाडी आरामात जाईल. बुरूज चाळीसहून अधिक. तट सरळ नाही. खडक जसा वळला तसा तो वळला आहे, नागमोडी. आपण बांध घालताना ओहोळाच्या कलाने घालतो, तसेच हे. सरळ भिंतीवर लाट सपाट आपटते. वळणाच्या भिंतीवर ती फुटून बाजूला जाते, आणि शिवाय पुढच्या बुरुजावरून मागच्या तटाच्या पायथ्याशी आलेला माणूस दिसतो. हे सगळे काम तीन वर्षांत उरकले, १६६७ साली. कामावर हिरोजी इंदुलकर होते असे सांगतात. रायगडाच्या बांधणीशीही त्यांचेच नाव जोडले जाते.

दरवाजा शोधायला गेलात तर समुद्रातून तो दिसणारच नाही. होडी अगदी तटाला लागते तरी दरवाजा कुठे ते कळत नाही. दोन बुरूज एकमेकांसमोर असे वळवले आहेत की त्यांच्यामधल्या खिंडीत शिरल्यावरच तो समोर येतो. याला गोमुखी बांधणी म्हणतात. हत्तीला धावत येऊन धडक द्यायला जागा नाही, तोफेचा गोळा सरळ लागायला वाट नाही. आत शिरताच मारुतीची घुमटी. आईने चपला तिथेच काढल्या आणि पुढचा सारा किल्ला अनवाणी पाहिला. मी म्हटले, ऊन आहे, पाय भाजतील. ती म्हणाली, "देवळात कुणी चपला घालतं का?"

तेव्हा मला ते बोलणे भाबडे वाटले. पण आत गेल्यावर कळले की तिचेच बरोबर होते. किल्ल्याच्या मधोमध श्रीशिवराजेश्वराचे देऊळ आहे. १६९५ साली राजाराम महाराजांच्या काळात ते झाले असे मानतात. गाभाऱ्यात शिवाजी महाराजांची पाषाणाची मूर्ती आहे, वीरासनात बसलेली. आपण कॅलेंडरवर पाहतो तसा चेहरा नाही. दाढी नाही, डोक्याला नावाड्यासारखी टोपी. पूजेत तिच्यावर मुखवटा आणि जिरेटोप चढवतात, त्यामुळे पुष्कळ लोक मूळ मूर्ती न पाहताच परततात. महाराजांचे पुतळे आज गावोगाव आहेत, पण पिढ्यान्‌पिढ्या नित्यपूजा चालू असलेले त्यांचे एवढे जुने देऊळ दुसरे दाखवता येणार नाही. पुढचा सभामंडप कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०६-०७ साली बांधला असे इथे सांगतात. देऊळ म्हणाल तर अगदी साधे. नक्षी शोधायला जाल तर निराश व्हाल. आत थंडावा आहे, समईचा उजेड आहे, आणि बाहेर चोहोबाजूंनी लाटांचा आवाज.

जवळच भवानीचे, महादेवाचे देऊळ आहे. दरवाजाजवळच्या बाजूला तटावर दोन लहान घुमट्या आहेत. त्यांत चुन्यात उमटलेले एका हाताचे आणि एका पायाचे ठसे जपले आहेत. ते महाराजांचेच, अशी श्रद्धा आहे. आईने त्या हाताच्या ठशाजवळ आपला हात नेला आणि मागे घेतला. शिवली नाही.

आता त्या चुन्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. तटाच्या पायात शिसे ओतले होते ही गोष्ट सगळे सांगतात. पण पायावरची तीस फूट भिंत उभी आहे ती चुन्यावर. कोकणात चुना करायला समुद्राचे शिंपले भाजत. भाजलेल्या कळ्या पाण्यात विरवायच्या, रेती मिसळायची आणि दगडी घाणीत बैल जुंपून ते लोण्यासारखे होईपर्यंत मळायचे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या भिंती आणि मोटेच्या विहिरी अशाच चुन्यात बांधलेल्या असत. हा चुना सिमेंटसारखा एका रात्रीत दगड होत नाही. हवा घेत घेत वर्षानुवर्षे घट्ट होत जातो. त्याला थोडी लवचीकता असते. बारीक चीर पडली तर पाण्याबरोबर विरघळलेला चुना त्या चिरेत उतरून पुन्हा बसतो. आणि मुख्य म्हणजे भिंतीत शिरलेली ओल तो बाहेर जाऊ देतो. सिमेंट ओल अडवून धरते. मग खारे पाणी दगडात राहते, मिठाचे खडे फुगतात आणि दगडच पापुद्र्यापापुद्र्याने झडतो. समुद्राकडच्या अंगाला गेलात तर काही चिरे मधाच्या पोळ्यासारखे पोखरलेले दिसतील. सांधा शाबूत आणि दगड गेलेला, असेही दिसेल. तुमच्या घरची जुनी चुन्याची विहीर ढासळत असेल आणि कोणी वरून सिमेंटचा गिलावा मारा म्हणेल, तर दहादा विचार करा.

पाण्यावर उभ्या असलेल्या इमारतींची काळजी जगात सगळीकडे आहे. इंग्लंडात सॅलिसबरी गावी मोठे प्रार्थनामंदिर आहे. पाया १२२० साली घातला, मुख्य बांधकामाला ३८ वर्षे लागली. पुढे त्यावर चढवलेले शिखर ४०४ फुटांवर गेले आणि पाया मात्र अवघा चार फूट खोल, ओल्या खडीवर. आजही तिथे फरशीतल्या एका भोकातून काठी घालून खालचे पाणी किती आहे ते पाहता येते, आपण बैलाच्या टाकीत काठी घालून पाहतो तसे. त्याच देशात विंचेस्टरचे मंदिर तर चिखलात खचू लागले होते. १९०६ पासून पुढे पाच-सहा वर्षे विल्यम वॉकर नावाचा पाणबुड्या रोज काळ्याकुट्ट पाण्यात उतरून, हाताने चाचपत, पायाखाली सिमेंटच्या गोण्या रचत होता. तेव्हा ते मंदिर वाचले. त्याच सुमारास इकडे शाहू महाराजांचा सभामंडप उभा राहत होता. इमारत बांधणाऱ्यांची नावे राहतात. ती पडू न देणाऱ्यांपैकी वॉकरसारख्या एखाद्याचेच नाव राहते.

आपल्याकडे तर मालवणच्या राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये, नऊ महिन्यांच्या आत कोसळला. २०२५ साली तिथे नवा उभा राहिला. राजकोटावरून समोरचा तट दिसतो. साडेतीनशेहून अधिक पावसाळे खाल्लेला. अधिक काही लिहीत नाही.

पण म्हणून तट अमर आहे असे समजू नका. सांध्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून वड-पिंपळाचे बी पडते. रोप कोवळे असताना हाताने उपटता येते, दोन पावसाळे गेले की मूळ चिरा हलवते. बांधावरच्या पिंपळाचे तुम्हाला सांगायला नको. काही ठिकाणी तट ढासळला आहे, काही ठिकाणी डागडुजी झाली आहे. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्गही आहे. यादीत नाव आले याचा आनंदच आहे. पण पिंपळाचे रोप यादी वाचत नाही, ते वेळेवर उपटणारा हात लागतो.

असे हात किल्ल्यात अजून आहेत. मोजकीच घरे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतात. देवळाच्या पूजेचा मानही वंशपरंपरेचा. एका घराच्या अंगणात आम्ही पाणी मागितले. काकींनी तांब्या भरून दिला. आईने एक घोट घेतला आणि थबकली. "गोड आहे गं!" काकींना या आश्चर्याची सवय असावी. किल्ल्यात तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारी बाजूंना खारट समुद्र आणि मधे गोडे पाणी, हा चमत्कार वाटतो. पण किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याला त्याची रीत ठाऊक असते. पावसाचे पाणी मुरते, ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलके म्हणून वर तरंगत राहते. बेताने उपसले तर वर्षभर पुरते. हाव धरून उपसले तर खालचे खारे वर येते आणि मग विहीर गेलीच.

"पावसात कसं करता?" आईने विचारले.

"पावसात होडी बंद. मिरगाच्या आदी सगळा भरून ठेवचा लागता. तांदूळ, पीठ, सुका मासा, औषधा. कोण आजारी पडलो तर देवाक हाक मारायची." काकी सहज बोलत होत्या, चुलीपुढे लाकडे सारत.

जून ते ऑगस्ट प्रवाशांच्या होड्या बंद असतात. त्या दिवसांत किल्ल्यात तीच मोजकी माणसे, लाटा आणि देवळातली रोजची पूजा. पूजा चुकत नाही म्हणाल्या. त्यांचा मुलगा मालवणला मावशीकडे राहून शिकतो. पुढे मुंबईला जाणार म्हणतो. "गेलो तर गेलो," काकी म्हणाल्या आणि थोड्या वेळाने, कोणी काही विचारलेले नसताना, "बाव उपसून साफ करूक माणूस लागता मगे," एवढे बोलून आत गेल्या.

इतिहासाचे आणखी दोन शब्द. पुढे हा किल्ला कोल्हापूरच्या छत्रपतींकडे आला. १७६५ साली इंग्रजांनी तो घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असे नावही दिले. ते नाव इथल्या कोणाच्या तोंडी बसले नाही. लवकरच किल्ला परत करावा लागला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण आणि किल्ला कायमचा त्यांच्याकडे गेला.

जायचे असेल तर दिवाळीनंतर जा. सकाळची होडी पकडा, उन्हाच्या आत तटावर चढा. चढायला जागोजागी दगडी जिने आहेत. पहाऱ्यावरच्या शिपायांसाठी तटातच शौचकूप बांधलेले आहेत, तेही पाहा. साडेतीनशे वर्षांपूर्वी एवढा विचार केलेला पाहून आमच्या ग्रामपंचायतीची आठवण झाली, ते असो. टोपी आणि पाण्याची बाटली न्या, पण बाटली परत आणा. तटावर नावे कोरू नका. कोरलेली पुष्कळ आहेत, आणखी एकाची गरज नाही.

परतीच्या होडीत बसत होतो तेव्हा काकी घाईघाईने दरवाजापर्यंत आल्या. हातात फडक्यात बांधलेला डबा. "धक्क्यार माझो झील उभो आसतलो. निळो शर्ट. तेका देशात?" आईने डबा मांडीवर घेतला आणि पाणी उडू नये म्हणून वरून पदर धरला. धक्क्यावर निळ्या शर्टाचा मुलगा उभा होता. डबा घेताना त्याने पहिल्यांदा विचारले ते, "आवशीन जेवलानी मां?"