सत्त्याण्णव अंश आणि ‘टेस्टेड ओके’

जॉबशीटच्या तळाशी शिक्का होता: ‘टेस्टेड ओके. नो फॉल्ट फाउंड.’ ऐन लग्नसराईत लॅपटॉप आठवडाभर सर्व्हिस सेंटरला पडून राहिला आणि परत आला तो एवढ्या एका शिक्क्यासकट. आता त्याला बराच काळ लोटला, तरी तो कागद आठवला की अजून मस्तकात तिडीक जाते.

लॅपटॉप भाच्याचा. डोंबिवली पूर्वेला, गच्चीच्या थेट खालच्या खोलीत तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. बदलापूरपासून ठाण्यापर्यंतचे फोटोग्राफर त्याला मेमरी कार्डं आणून देतात. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं सगळं कापायचं, जोडायचं, रंग बसवायचे आणि फिल्म करून द्यायची. मे २०२३ मध्ये हप्त्यावर घेतलेलं मशीन, आत इंटेलचा आय-सेव्हन १२७००एच. चौदा कोअर, जास्तीत जास्त वेग ४.७ गिगाहर्ट्झ. वर्षभर त्याने त्यावर घर चालवलं.

एप्रिल २०२४ मध्ये हवामान खात्याने ठाणे, मुंबई, रायगडला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. त्या दिवसांत भाच्याच्या खोलीतला पारा दुपारी ३६ च्या खाली उतरत नव्हता. स्लॅब तापलेला, पंखा गरम हवाच फिरवणार. एक्स्पोर्ट लावला की लॅपटॉपचा आवाज चढायचा, काम रांगायला लागायचं आणि ऐंशी टक्क्यांच्या आसपास पडदा काळा. पुन्हा पहिल्यापासून. कल्याणची पार्टी रोज फोन करत होती. रिसेप्शनला आलेल्या पाहुण्यांना व्हिडिओ कधी पाठवायचा, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर त्याने टाकलं तेव्हा आकडा दिसला: ९७.

माणसाला ताप १०२ फॅरनहाइट झाला तरी घर हादरतं, इथे तर पाणी उकळायला तीनच अंश कमी. माझा पहिला समज असाच होता, की एवढ्या तापमानाला चिप जळून जाणार. तो समज चुकीचा निघाला, आणि नेमक्या याच गोष्टीचा सर्व्हिस सेंटरने पुरेपूर फायदा घेतला.

काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. वातानुकूलित हॉल, भिंतीवरचा आकडा २२. त्याने लॅपटॉप चालू केला, विंडोज उघडू दिलं, तापमान पाहिलं: ४८. “सर, नॉर्मल है.” भाचा म्हणाला, रिकामं बसलेलं मशीन तापणार कसं? मला इथेच वीस मिनिटं एक्स्पोर्ट लावू द्या. नाही म्हणे, कस्टमरचं सॉफ्टवेअर चालवायची परवानगी नाही. मग पेन ड्राइव्हवरून टेस्ट चालवू? पेन ड्राइव्ह लावायला मनाई. मग तुमची स्वतःची लोड टेस्ट असेल ती लावा. ती आत इंजिनिअर करतील, तुम्ही मशीन ठेवून जा. ठेवून गेलो. आठवड्याने शिक्का मिळाला. आत कोणती टेस्ट केली, किती वेळ केली, खोलीचं तापमान किती होतं, यातलं एक अक्षर जॉबशीटवर नव्हतं.

भाच्याने मग घरी व्हिडिओ काढला. एका चौकटीत भिंतीवरचं थर्मामीटर, दुसरीत पडदा. प्रत्येक मोठ्या कोअरचं तापमान वेगळं दिसत होतं: दोन कोअर ९७ ला टेकलेले, बाकीचे चार ऐंशीच्याही खाली. आणि वेग? १.२ गिगाहर्ट्झ. या चिपच्या मोठ्या कोअरचा मूळ वेगच २.३ आहे. म्हणजे टर्बो सोडाच, मूळ वेगाच्या जवळपास निम्म्यावर मशीन आलेलं.

हा व्हिडिओ घेऊन आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आतून वरिष्ठ आले. त्यांनी व्हिडिओ पाच सेकंद पाहिला आणि म्हणाले, “सत्त्याण्णव इंटेललाच मान्य आहे, साहेब. शंभरपर्यंत लिमिट आहे.”

ते खरं बोलत होते. या चिपची कमाल मर्यादा १०० अंशच आहे. तिथे पोचली की चिप आपणहून वेग कमी करते, तरीही तापत राहिली तर स्वतःला बंद करते. ही सोय पूर्वी सगळ्यांकडे नव्हती. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू मशीनवरचा हीटसिंक उचलून दाखवला होता: पेंटियम ४ मंदावला पण वाचला, एएमडीचा अॅथलॉन धूर काढून मेला. आज तोच एएमडी उघड सांगतो की २०२२ साली आलेले रायझन ७००० मालिकेचे वरचे डेस्कटॉप प्रोसेसर भरपूर काम पडलं की ९५ अंशांपर्यंत जाणारच, त्यांची रचनाच तशी आहे. तेव्हा ९७ हा आकडा पाहून कोणी घाबरू नये, हे मला मान्य आहे.

पण आम्ही आकड्याची तक्रार केलीच नव्हती. तक्रार होती ती ९७ अंशांना वेग १.२ का, ही. दोन कोअर भाजताहेत आणि शेजारचे चार निवांत का, ही. साहेबांनी बरोबर उत्तर दिलं, फक्त न विचारलेल्या प्रश्नाचं. आणि ते इतक्या ठामपणे दिलं की रांगेत मागे उभा असलेला माणूसही आमच्याकडे कटकटे गिऱ्हाईक म्हणून पाहू लागला.

२०१८ च्या जुलैत असाच प्रकार जगभर गाजला होता. डेव्ह ली या यूट्यूबरने नव्या आय-नाइन मॅकबुक प्रोवर व्हिडिओ एक्स्पोर्ट केला, तर आदल्या वर्षीच्या आय-सेव्हनपेक्षा जास्त वेळ लागला. तोच लॅपटॉप फ्रीझरमध्ये ठेवून चालवला तेव्हा मात्र काम झपाट्याने उरकलं. काही दिवसांतच अॅपलने फर्मवेअरमधली चूक मान्य करून दुरुस्ती दिली. लीचं ऐकलं गेलं कारण त्याला लाखो प्रेक्षक होते. डोंबिवलीच्या एडिटरकडे फक्त जॉबशीट असते.

वॉरंटी संपायला महिनाभर उरला होता. तरीही स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे मशीन उघडायचं भाच्याने ठरवलं. टेबलावर दिव्याखाली हीटसिंक उचलला तेव्हा सगळं लख्ख दिसलं. चिपच्या एका बाजूला राखाडी पेस्ट नीट दबलेली, दुसऱ्या कडेला तांबं कोरं, जिथे पेस्ट होती तिथेही ती खडूसारखी सुकलेली. चारातला एक स्क्रू अर्धवट पिळलेला होता. कारखान्यातूनच. पंख्याच्या तोंडाशी धुळीचा थर होता, पण शिळफाट्याच्या रस्त्यालगत राहणाऱ्याच्या घरात तेवढी धूळ असायचीच. दुरुस्तीवाल्याने हीटसिंकच्या पट्ट्या ब्रशने साफ केल्या, नवी पेस्ट लावली, स्क्रू तिरपे-समोरासमोर थोडे थोडे करत आवळले. त्याच्या मते एमआयडीसीच्या निवासी भागातून येणाऱ्या मशीनमध्ये तांबं काळवंडलेलं असतं. गंधकाचे वायू आणि दमट हवा एकत्र आली की तांब्याचं तसं होतंच.

घरी येऊन त्याच खोलीत, त्याच दुपारच्या वेळी, तीच फिल्म लावली. तापमान ९४.

क्षणभर वाटलं, पैसे वाया गेले. मग भाचा म्हणाला, “मामा, वेग बघा.” तीन गिगाहर्ट्झच्या वर, सगळे कोअर एकमेकांपासून चार-पाच अंशांच्या आत. एक्स्पोर्ट निम्म्याहून कमी वेळात संपला आणि पडदा काळा झाला नाही. मोकळी जागा मिळाली की आजचे प्रोसेसर ती वेगासाठी खर्चतात, त्यामुळे थंडावा सुधारला तरी अंश जवळपास तेच राहू शकतात. म्हणून नुसतं ‘किती तापतो’ विचारण्यात फारसा अर्थ नाही. सोबत वेग विचारावा आणि खोली किती गरम होती तेही. २२ अंशांच्या हॉलमध्ये ८० दाखवणारं मशीन ३६ च्या खोलीत साधारण तेवढेच चौदा अंश वर चढतं. ठाणे जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर चालवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागू नये. कामाचा पूर्ण भार, निदान अर्धा तास, कोअरनिहाय तापमान आणि वेगाची नोंद, एवढं गिऱ्हाइकाच्या हातात मिळायला हवं.

चिपला ९५ सोसतं, तिच्या शेजाऱ्यांना सोसतंच असं नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं आणि लिथियमची बॅटरी उष्णतेत झपाट्याने म्हातारी होते. गादीवर लॅपटॉप ठेवून रेंडर लावणाऱ्यांची बॅटरी फुगते ती यानेच. मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवावी. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक मशीनवर टर्बो बंद होतो आणि तापमान चांगलंच उतरतं. काम हळू होतं, पण मे महिन्यात पूर्ण होतं.

त्याच २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने आपल्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. महिनोन्महिने लोकांची मशीन कोसळत होती, कोणी मदरबोर्डला दोष देत होतं, कोणी वापरणाऱ्याला. मुळाशी निघाला चिपला मिळणारा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज. ती बातमी वाचून भाच्याने मला फोन केला. “बघा, तिथे निदान चूक तरी मान्य केली,” एवढंच म्हणाला.

आता तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून डेस्कटॉप जुळवतो आहे. मोठा टॉवर कूलर, समोर जाळीची केस, रायझनचा प्रोसेसर. तोही भर कामात ९५ ला जाणार, हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक आहे. तरीही पडद्यावर नव्वदच्या पुढचा आकडा दिसला की मला तो आवडत नाही, आणि कोणी कितीही समजावलं तरी तो आवडेल असं वाटत नाही.